फिरता थर्मास

एप्रिल-मे आला की बडोद्यात प्रतापनगरातल्या आमच्या मामांच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पादरा, डभोई, वाघोडियाकडून पाण्याच्या मोटरी येऊन पडलेल्या असतात. व्होल्टेज पडलेलं, मोटर तशीच चालू ठेवलेली, वायंडिंगचा कोळसा झालेला. मामा मोटर उघडायच्या आधी नुसता वास घेऊन सांगतात, एक फेज गेली होती की बेअरिंग धरलं होतं. मी कलाभवनात इलेक्ट्रिकल शिकलो, मकरपुऱ्यात बावीस वर्षं मोटरींच्या डिझाइनमध्ये काढली, पण ही विद्या मला आजतागायत आलेली नाही.

मागच्या महिन्यात एका मित्राने मला चकचकीत पट्टीचा वीतभर तुकडा दिला. चार मिलिमीटर रुंद, दिसायला थेट तांब्याची. मी तो मामांकडे नेला. त्यांनी सवयीने मायक्रोमीटर लावला. जाडी ०.१ मिलिमीटर.

"काय आहे? पेटीला बांधायची पट्टी?"

म्हटलं, मामा, ही वायंडिंगची तार आहे. हिच्यातून शंभर अँपिअर जातात.

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि तोंडीच हिशोब केला. चार गुणिले ०.१, म्हणजे ०.४ चौरस मिलिमीटर. साध्या मोटरीत तांब्याला चौरस मिलिमीटरमागे पाच अँपिअर धरतात. म्हणजे दोन अँपिअर. "शंभर घातलेस तर दिवाळी होईल."

तांब्यासाठी हे अगदी खरं आहे. पण या पट्टीत करंट तांब्यातून जातच नाही. मधोमध निकेलच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा असतो, बाहेरून चांदी आणि तांब्याचा मुलामा असतो, आणि या दोघांच्या मध्ये एक-दोन मायक्रॉन जाडीचा एका चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थाचा थर असतो. आपला केस पन्नास-साठ मायक्रॉनचा, म्हणजे थर किती पातळ ते बघा. सगळा करंट त्यातून जातो. अट एकच, पट्टी भयंकर थंड हवी.

पुस्तकात याला अतिवाहक म्हणतात. मी सुपरकंडक्टरच म्हणतो, कारण कारखान्यात अतिवाहक म्हटलं की लोक ट्रान्सपोर्टवाल्याचा विषय समजतात. १९११ साली हॉलंडमधल्या लायडनला हाइके कामरलिंग ओनेस यांनी पाऱ्याचा विद्युतरोध मोजत मोजत तो थंड करत नेला. हेलियम वायूचं द्रव करण्याची युक्ती त्यांनी तीनच वर्षं आधी साधली होती, म्हणून इतकी थंडी त्यांच्याकडेच होती. ४.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ सेल्सिअसला (केल्विनची मोजणी उणे २७३ सेल्सिअसपासून सुरू होते), पाऱ्याचा रोध हळूहळू कमी होत गेला नाही, एकदम नाहीसाच झाला. रोध नाही म्हणजे करंटने तार तापत नाही. बंद कड्यात एकदा करंट सोडला की तो फिरतच राहतो.

ही कुठल्या दूरच्या प्रयोगशाळेची गोष्ट वाटत असेल, तर बडोद्यात ज्यांचा एमआरआय निघालाय त्यांना विचारा. त्या बोगद्याभोवती बहुतेक ठिकाणी नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची कॉइल द्रव हेलियमच्या थंडीत बसलेली असते. मशीन बसवताना एकदा करंट भरला की तो वर्षानुवर्षं तसाच फिरतो. (आत जी ठकठक ऐकू येते ती करणाऱ्या कॉइली वेगळ्या, साध्या तारेच्या. सुपरकंडक्टर बिचारा गप्प असतो.) गांधीनगरजवळ भाटच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत एसएसटी-१ नावाचं यंत्र आहे, त्याची चुंबकंही अशाच तारेची.

मग मोटर का नाही? मामांचा प्रश्न अगदी हाच होता, फक्त शब्द निराळे: "एवढं सोपं असतं तर आमचं दुकान कधीच बंद झालं असतं."

सुपरकंडक्टरला तीन मर्यादा असतात: तापमान, भोवतालचं चुंबकीय क्षेत्र आणि करंट. ही तिघं एकाच पगारावर संसार करतात. एकाने जास्त उचललं की बाकीच्यांना कमी उरतं. १९८६ मध्ये झुरिकला बेडनॉर्झ आणि म्युलर यांना नव्या जातीचे सुपरकंडक्टर सापडले. पुढच्याच वर्षी यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचं असं संयुग हाती आलं, जे ९२ केल्विनपर्यंत चालतं. जगभर आनंदीआनंद झाला, कारण द्रव नायट्रोजन ७७ केल्विनचा असतो आणि तो स्वस्त आहे. आपल्याकडे गावोगाव डेअरीचे लोक म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या ज्या डब्यातून नेतात, तोच हा नायट्रोजन. मामांना दिलेली पट्टी याच घराण्यातली आहे.

पण ती शंभर अँपिअर नायट्रोजनमध्ये पेलते, ते आजूबाजूला दुसरं चुंबक नसेल तर. मोटरीत चुंबकीय क्षेत्र असणारच, त्याशिवाय ती मोटर कसली? दोन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं माप) क्षेत्र पट्टीच्या रुंद बाजूवर आडवं आलं, तर ७७ केल्विनला शंभरातले जेमतेम पंधरा-वीस अँपिअर उरतात. त्याच क्षेत्रात पट्टी ३० केल्विनपर्यंत थंड केली की शंभरहून जास्त मिळतात. म्हणून मोटरवाले नायट्रोजनवर थांबत नाहीत, ३० केल्विनच्या आसपास उतरतात. क्षेत्र पट्टीला समांतर गेलं तर नुकसान कमी, आडवं गेलं तर जास्त. त्यामुळे कॉइलच्या कोपऱ्यांवर, जिथे क्षेत्राची दिशा वळते, तिथे डिझाइनरचा निम्मा वेळ जातो. आख्ख्या कॉइलचा करंट तिच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यावरून ठरतो.

आता हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगतो. मोटरीचा पीळ, म्हणजे टॉर्क, तीन गोष्टींतून येतो: चुंबकीय क्षेत्र किती जोरकस, तारांमधून करंट किती आणि मोटरीचा आकार केवढा. साध्या मोटरीत क्षेत्र लोखंडाच्या दातांमधून जातं आणि लोखंड दोन टेस्लाच्या आसपास तुंबतं. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी लहरीपुरा दरवाजातून गर्दी जाते ना, तसं. मागून कितीही लोटा, दरवाजा तेवढाच. त्यात निम्मी जागा दातांच्या मधल्या तांब्याच्या खाचांनी खाल्लेली, म्हणून हवेच्या फटीत सरासरी एक टेस्लाच्या आतबाहेरच मिळतं. करंट वाढवला तर तांबं तापतं. दोन्ही वाटा बंद, मग उरतो आकार. मोठी मोटर हवी असेल तर ती खरोखरच मोठी करावी लागते. शंभर वर्षं आम्ही डिझाइनवाले याच भिंतीला डोकं आपटतोय. चांगला पत्रा, चांगलं इन्सुलेशन, चांगला पंखा, पण भिंत तीच.

सुपरकंडक्टरची कॉइल चौरस मिलिमीटरमागे पाचाऐवजी शंभर-दोनशे अँपिअर घेऊन बसते. मग लोखंडाचे दात काढूनच टाकता येतात. दरवाजा पाडला, गर्दी मैदानातून गेली. क्षेत्र वाढलं, लोखंड गेलं, त्याच ताकदीची मोटर निम्म्या वजनात बसली.

कागदावर हे इथे संपतं. डिझाइन इथून सुरू होतं.

पहिला निर्णय: कुठली गुंडाळी सुपरकंडक्टरची करायची? नवख्याला वाटतं, दोन्ही. पण शून्य रोधाचं वचन फक्त एकाच दिशेने जाणाऱ्या स्थिर करंटसाठी आहे. या पदार्थांमध्ये चुंबकीय क्षेत्र बारीक बारीक भोवऱ्यांच्या रूपाने आत शिरतं आणि ते भोवरे मुद्दाम जागच्या जागी अडकवून ठेवलेले असतात. करंट उलटसुलट होऊ लागला की भोवरे हलतात, घासतात, आणि घासणं म्हणजे उष्णता. सेकंदाला पन्नास वेळा हे झालं तर ३० केल्विनच्या घरात शेगडी पेटवल्यासारखं आहे. म्हणून आजवरच्या बहुतेक मशिनांमध्ये सुपरकंडक्टर रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर असतो, जिथे डीसी करंट लागतो आणि फिरणाऱ्या क्षेत्राबरोबर रोटरही त्याच वेगाने फिरत असल्यामुळे त्याला क्षेत्र स्थिरच दिसतं. स्टेटर, म्हणजे स्थिर भाग, बाहेर, नेहमीच्या तापमानाला, तांब्याचा. त्यातले दात गेले तर तांब्याच्या कॉइली उघड्यावर येतात. एरवी पिळाचा बहुतेक मार लोखंड खातं, इथे तो तारांवर येतो. म्हणून तारांना फायबरच्या दातांचा आधार द्यावा लागतो आणि तार जाड एकसंध न घेता बारीक तारांची वेणी घालावी लागते. सगळ्यात बाहेर मात्र लोखंडाचं कडं ठेवतात, नाहीतर शेजारच्या कपाटातली पानं-पकडी मोटरीला येऊन चिकटतील.

दुसरी गोष्ट थर्मासची, आणि माझ्या मते अशा मशीनचं खरं डिझाइन हेच. रोटरवरच्या कॉइली ३० केल्विनला, आणि दोन हातांवर स्टेटर ऐंशी-नव्वद सेल्सिअसला. मध्ये निर्वात पोकळी, त्यात चकचकीत चंदेरी फिल्मचे अनेक थर. इथवर घरातल्या चहाच्या थर्माससारखंच. पण घरच्या थर्मासमधला चहा थर्मासला पीळ देत नाही. आमच्या थर्मासच्या आतली थंड कॉइल लाखो न्यूटन-मीटरचा टॉर्क तयार करते, आणि तो बाहेरच्या गरम शाफ्टपर्यंत पोचवायचा असतो. पोचवायचा म्हणजे आत-बाहेर जोडणारा काहीतरी भक्कम भाग हवा. भक्कम म्हटलं की जाड आणि आखूड. आणि जाड, आखूड धातू उष्णता आत आणायला अगदी तत्पर.

मामांना हे आकड्यांत सांगितलं. समजा या भक्कम भागातून, म्हणजे जोडनळीतून, १०० वॉट उष्णता आत शिरली. शंभर वॉट म्हणजे पूर्वीचा एक पिवळा बल्ब. ३० केल्विनवरून एक वॉट उचलून ३०० केल्विनच्या खोलीत टाकायला निसर्गाच्या नियमानेच किमान ९ वॉट लागतात. खरी शीतयंत्रं या आदर्शापासून कोसभर लांब असतात, प्रत्यक्षात वॉटमागे शंभराच्या आसपास लागतात. म्हणजे त्या एका बल्बसाठी १० किलोवॉटचा कॉम्प्रेसर चालू ठेवा. म्हणून ही नळी साध्या स्टीलऐवजी काचतंतूच्या फायबरची करतात, ज्यातून स्टेनलेस स्टीलच्या सुमारे विसाव्या भागाइतकीच उष्णता जाते. पण तंतूंचा तिरका विणकोन, दोन्ही टोकांना धातूशी जोड, आणि थंडीत जोड सैल न होणं, हे सगळं सांभाळावं लागतं. स्टील ३० केल्विनपर्यंत मीटरमागे सुमारे तीन मिलिमीटर आक्रसतं. मामांच्या दुकानात बेअरिंगच्या बसणीत तीन मिलिमीटर नाही, तीन शतांशाचा वाद होतो. म्हणून एक टोक घट्ट आणि दुसरं सरकायला मोकळं ठेवावं लागतं.

यात एक दुष्टचक्र आहे, आणि मला वाटतं या विषयातली सगळ्यात सुंदर अडचण तीच. लोखंड काढल्यामुळे मशीनचा आतला अडथळा, म्हणजे रिअॅक्टन्स, कमी होतो. हे गुण म्हणून मिरवतात: लोड बदलला तरी मशीन डगमगत नाही. पण टर्मिनलवर शॉर्टसर्किट झालं की तोच अडथळा कमी पडतो, करंट धो धो वाहतो आणि क्षणभर नेहमीच्या कित्येक पट पीळ बसतो. त्या क्षणासाठी जोडनळी जाड करावी लागते. नळी जाड, उष्णता जास्त, शीतयंत्र मोठं. रोज शांतपणे चालणाऱ्या मशीनची थंडी अशी कधीतरी येणाऱ्या एका अपघातावर ठरते.

कॉइलीभोवती तांब्याचं किंवा अॅल्युमिनियमचं एक चिलखतही असतं, बाहेरच्या क्षेत्रातली खळबळ आत पोचू नये म्हणून. शॉर्टसर्किटमध्ये त्यालाही मोठा मार बसतो.

आता वायंडिंग. इथे मामा खुर्ची पुढे ओढून बसले. ही पट्टी सपाट दिशेने वळते, पण धारेवर वळत नाही. मामांनी पकड घेऊन धारेवर वळवून पाहिली. पट्टी सुरकुतली. म्हटलं, मेली ती. आतला थर तडकला. म्हणून कॉइली रेसच्या मैदानासारख्या लांबट, सपाट गुंडाळतात. तार लांब हवी तर जोड येतात. जोड सोल्डरने, पण बेताच्या उष्णतेवर, कारण फार तापवलं की थरातला ऑक्सिजन निघून जातो आणि उरते ती नुसती मातीची पट्टी. जोड चांगला जमला तर त्याचा रोध ओहमच्या कोट्यंशांत असतो. समजा एका ओहमचा कोटीवा भाग. दोनशे अँपिअरला चार मिलिवॉट. अशा शंभर जोडांची मिळून अर्धा वॉटही उष्णता होत नाही, पण मघाचा हिशोब लावा, त्यासाठीही चाळीस वॉट बाहेर मोजावे लागतात.

मग मामा म्हणाले, "आणि वार्निश? बुडवून भट्टीत?"

जगातली जवळजवळ प्रत्येक वायंडिंग वार्निशने घट्ट करतात, हलली की इन्सुलेशन घासून मरते. इथे तेही उलटं निघालं. कॉइल इपॉक्सीत बुडवून थंड केली की इपॉक्सी पट्टीपेक्षा जास्त आक्रसतं आणि पट्टीचे थर ओढून सोलून काढतं, जिलबीवरचा पाक वाळून पापुद्रा सुटावा तसं. लोकांनी चांगल्या कॉइली अशा गमावल्या. मग कुणी मेण वापरलं, जे थंडीत स्वतःच तडकतं आणि पट्टीला सोडून देतं. पण मिनिटाला १५०० फेऱ्यांना ४० सेंटिमीटर त्रिज्येवर एक किलोची कॉइल एका टनाच्या वजनाने बाहेर पळायला बघते. तिथे नुसत्या मेणाच्या भरवशावर कोण राहील? वरून फायबरचे किंवा स्टीलचे पट्टे आवळावेच लागतात.

आणि जळणं? जळतात की. शून्य रोधाची तारही जळते. कुठेतरी एक बोटभर जागा थोडी तापली, मर्यादेबाहेर गेली, की तिथे रोध परत येतो. रोध आला की उष्णता, उष्णतेने अजून रोध. याला क्वेंच म्हणतात. जुन्या नायोबियमच्या तारेत ही आग सेकंदाला कित्येक मीटर पसरते. ते बरं, कारण सगळी कॉइल थोडी थोडी तापते आणि व्होल्टेज लगेच दिसतं. या नव्या पट्टीत ती सेकंदाला काही मिलिमीटर किंवा सेंटिमीटरनेच सरकते. बाहेर मीटरवर काही कळायच्या आत ती बोटभर जागा वितळून मोकळी. म्हणजे ही पट्टी एका बिंदूपाशी गुपचूप मरते.

यावर २०११ च्या सुमारास एमआयटीतल्या लोकांनी सुचवलेला उपाय ऐकून मामा उठूनच उभे राहिले: कॉइलच्या वेढ्यांमध्ये इन्सुलेशन घालूच नका. उघडी पट्टी उघड्या पट्टीवर गुंडाळा. एरवी शून्य रोधाची वाट सोडून करंट शेजारच्या वेढ्यात कशाला उडी मारेल? एखादी जागा बिघडली तर मात्र करंट तिला वळसा घालून शेजारून जातो आणि कॉइल वाचते. "म्हणजे आम्ही ज्याला शॉर्ट म्हणून फेकतो तेच यांचं संरक्षण," मामा म्हणाले. फुकट काही नाही, अशी कॉइल भरायला वेळ लागतो आणि लोड बदलताना तिच्यात नको ते करंट फिरतात. मोटरीसाठी हे कितपत चालेल यावर डिझाइनवाल्यांत दोन तट आहेत. मी थोडं-थोडं रोधक घालण्याच्या मधल्या वाटेचा.

खरोखर बनलीत का अशी मशिनं? बनलीत. जपानने १९९० च्या दशकात ७० मेगावॉट वर्गाचं जनित्र द्रव हेलियमवर चालवून पाहिलं. अमेरिकन नौदलासाठी ३६.५ मेगावॉटची, मिनिटाला १२० फेऱ्यांची जहाजाची मोटर २००९ च्या जानेवारीत पूर्ण ताकदीने चाचणीत उतरली. तिचा पीळ काढा: सुमारे २९ लाख न्यूटन-मीटर. मामांच्या पाच एचपीच्या मोटरीचा पंचवीस. तांब्याच्या तशा मोटरीपेक्षा वजन निम्म्याहून कमी होतं. डेन्मार्कमध्ये थिबोरॉनला २०१८ मध्ये इकोस्विंग प्रकल्पात ३.६ मेगावॉटच्या पवनचक्कीवर असा रोटर चढवला. स्टेटर त्यांनी नेहमीचाच ठेवला. मला तो शहाणपणा वाटतो. सगळं एकदम नवं केलं की बिघडलं कुठे तेच कळत नाही. विमानवाल्यांचंही लक्ष आहे, कारण उद्या इंधन म्हणून द्रव हायड्रोजन घेतला तर २० केल्विनची थंडी टाकीतच भरलेली मिळेल.

जहाज, पवनचक्की, विमान. मोठा पीळ, संथ फेरे किंवा वजनाची चणचण. तिथे १० किलोवॉटचा कॉम्प्रेसर कुणाच्या डोळ्यात येत नाही, ३६.५ मेगावॉटवर एक टक्का वाचला तरी ३६५ किलोवॉट होतात.

मामा आपल्या मुद्द्यावर ठाम होते. "ते राहू दे. पाच एचपीला किती लागेल?"

पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॉट. अगदी बारकी जोडनळी धरली, निर्वात उत्तम धरला, तरी वीस-पंचवीस वॉट आत शिरणार. म्हणजे नुसत्या थंडीसाठी दोन-अडीच किलोवॉट, मोटर बंद असली तरी.

"आणि बंद पडली, गरम झाली, तर परत थंड व्हायला?"

मोठ्या रोटरला कित्येक दिवस, म्हटलं.

मामांनी सुरकुतलेली पट्टी माझ्या हातात परत ठेवली. बाहेर पादऱ्याचा एक शेतकरी टेम्पोतून मोटर उतरवत होता. मामा उठले, झाकणाला नाक लावलं आणि म्हणाले, "फेज गेलीय. परवा संध्याकाळी न्या."